उसनी वाक्यं

तिला घरात सगळे घोळू म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथंच राहिलं. एकोणीस वर्षांची झाली तरी तिचं कशातच काही ठरत नव्हतं. वाणिज्य शाखेचं एक वर्ष करून सोडलं, मग कपडे शिवायचा वर्ग लावला, मग संगणकाचा. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” आई म्हणायची, आणि शिवणाचा वर्ग सुटल्यापासून तर ते शब्दशः खरं होतं, कपाटाचा एक खण चिंध्यांनीच भरला होता. थोरली ताई मात्र पाचवीत असल्यापासून नर्स व्हायचं म्हणत होती आणि झालीही. असं एखादं माणूस घरात असलं की बाकीच्यांना राहणं अवघड होतं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. घोळू सध्या तिथं बसायची. बाबा गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून डोळ्यांपुढची भिंगं बदलत आणि विचारत, “आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?” लोक पटापट उत्तरं देत. एकदा त्यांनी घोळूलाच खुर्चीत बसवलं. “आता बरं... नाही, आधीचं... परत दाखवता का?” असं करता करता दुपार कलली, आणि शेवटी बाबांनीच कंटाळून जाहीर केलं की हिला चष्म्याची गरज नाही.

मावशीचं नेमकं उलटं. तिचा आवाज अख्ख्या शहराला माहीत होता आणि चेहरा कुणालाच नाही. गोष्टीतली कोल्हीण, साबणाच्या जाहिरातीतली शेजारीण, बँकेला फोन लावला की “कृपया प्रतीक्षा करा” म्हणणारी बाई, सगळी मावशीच. “सख्खी मेहुणी असून मला ताटकळत ठेवते,” बाबा फोन कानाला लावून म्हणत.

तर या मावशीचा पाय मुरगळला आणि तिला रेकॉर्डिंगला न्यायला-आणायला कुणीतरी हवं होतं. घरात रिकामं माणूस एकच होतं.

एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ती जागा होती. जिन्यावर शाईचा वास, आणि वर गेलं की एकदम सगळा आवाज बंद. भिंतींना जाड करडं कापड लावलेलं, मधे एक माइक, समोर पडदा, मागे काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. तिथं एका ॲनिमेशन सिनेमाचं काम चाललं होतं. तो करणारी दिग्दर्शिका पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचून फिरणारी, सगळे तिला नुसतं बाई म्हणत. मावशीला त्यात आजीचा आवाज द्यायचा होता. पण त्या दिवशी तिथं सुतकी कळा होती, कारण नायिकेचा आवाज देणारी मुलगी मोठं काम मिळालं म्हणून आदल्या दिवशी सोडून गेली होती.

बाईंनी दुर्मुखलेल्या चेहऱ्यानंच घोळूला विचारलं, “तू चहा घेणार की कॉफी?”

“चहा,” घोळू म्हणाली. “म्हणजे कॉफी असेल तर... नाही, चहाच. म्हणजे मुद्दाम करू नका. असेल ते चालेल. पण चहा.”

बाई जागच्या जागी थांबल्या. केसांतली पेन्सिल काढून तिच्याकडे रोखली.

“हे परत म्हण बघू.”

“काय?”

“हेच. जसंच्या तसं. त्या माइकसमोर.”

सिनेमाची गोष्ट साधी होती. टेकडीवर राहणारी सतरा वर्षांची मुलगी सायकलवरून घरोघरी पाव पोचवते. तिच्या सायकलची साखळी सारखी पडते आणि ती बसवून देणारा एक मुलगा आहे. शेवटी तिला दूरच्या शहरात शिकायला जायची संधी येते आणि दोघं बसथांब्यावर उभे राहतात. पुढे काय, ते बाईंनी ठरवलंच नव्हतं. ती बसमध्ये चढते असा एक शेवट लिहिला होता, नाही चढत असा दुसरा. चित्रकार त्यांच्या नावानं बोटं मोडत.

“माझी नायिका एकाही वाक्याच्या शेवटापर्यंत नीट पोचत नाही,” बाई मावशीला म्हणाल्या. “मी तिला कालपासून शहरभर शोधतेय, आणि तुम्ही तिला पिशव्या धरायला आणलंत.”

मावशीनं घोळूकडे पाहिलं. “करशील?”

“माहीत नाही,” घोळू म्हणाली.

“म्हणजे करेल,” मावशी बाईंना म्हणाली. करायचं नसतं तेव्हा घोळू एवढंही बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मुलाचा आवाज देणाऱ्याला तिथं खर्ज म्हणत. एकवीस-बावीसचा, काटकुळा, आणि त्या काटकुळ्या छातीतून असा भरदार, उबदार आवाज यायचा की पहिल्यांदा ऐकणारा मागे वळून आणखी कुणी आहे का ते बघायचा. एका मोठ्या चार मजली दुकानात तो घोषणा करण्याचं काम करी. कुणाची गाडी दारात आडवी लागली आहे, कुणाचं मूल खेळण्यांपाशी रडतंय, असलं सगळं दिवसभर सांगायचं आणि संध्याकाळी इकडे यायचं.

दोघं एकाच माइकसमोर उभे राहत. पडद्यावर नुसती पेन्सिलची चित्रं हलत, काही ठिकाणी तर मुलीला डोळेसुद्धा काढलेले नसत. त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्याकडे बघून घोळू बोलायची आणि शेजारून तो आवाज यायचा, “तू येतेस ना, तेव्हा साखळी पडलेलीच असावी असं मला वाटतं.” हे वाक्य बाईंनी लिहिलं होतं. ते सायकलवाल्या मुलाचं होतं, पाववाल्या मुलीला उद्देशून होतं. सगळं माहीत होतं. तरी घोळूच्या पोटात काहीतरी गर्रकन फिरायचं आणि पुढचं वाक्य चुकायचं.

“चुकलं तरी असू दे,” काचेपलीकडून बाई म्हणायच्या. “चुकण्यासाठीच घेतलंय तुला.”

गंमत अशी की सिनेमात ती दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत आणि बाहेर आली की ‘तुम्ही’. आत “तू वेडी आहेस” म्हणणारा खर्ज जिन्यावर म्हणायचा, “तुम्ही आधी उतरा, अंधार आहे.” घोळूलाही ते सोडवेना. आतल्या ‘तू’ची बाहेर लाज वाटायची आणि बाहेरचं ‘तुम्ही’ आतल्यानंतर भलतंच खोटं वाटायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती मग सर्वनामच टाळून बोलायला लागली. “उद्या येणार का?” “चहा घ्यायचा का?” खर्जही तसंच बोलू लागला. दोघांचं बोलणं ऐकलं तर वाटावं, तिसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

ताईनं एका जेवणाच्या वेळी विचारलं, “आवडतो का तुला तो?”

“कोण?”

“ज्याच्या नादात तू आमटी भलतीकडे वाढलीस तो.” घोळूनं आमटी पाण्याच्या पेल्यात वाढली होती.

“मला कळत नाही गं,” घोळू म्हणाली. “त्याचा आवाज असा आहे की तो ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणाला तरी छातीत धडधडतं. मग मी कशावर जाऊ?”

ताईनं नर्सच्या सवयीनं तिची नाडी मोजली आणि पेल्यातली आमटी परत वाटीत ओतली.

आणि मग एका संध्याकाळी काम आटोपल्यावर ते दोघं छापखान्याच्या दारात उभे होते. मावशीचा पाय बरा झाला होता, ती पुढे गेली होती. खर्ज बराच वेळ पायातल्या बुटाकडे बघत राहिला आणि मग मान वर न करता म्हणाला, “तू नसलीस की दिवस उगाच लांबतो.”

‘तू’ म्हणाला. छापखान्याच्या दारात, माइक नसताना. घोळू “हो,” एवढंच म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत तिला रस्ता दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सिनेमाचा उरलेला भाग हातात दिला. घोळूनं पहिलं पान उलटलं. पाऊस नसलेल्या एका दुपारी सायकलवाला मुलगा चाकात हवा भरता भरता म्हणतो, “तू नसलीस की दिवस उगाच लांबतो.”

तिनं ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खर्जला तो भाग तिच्या आधी मिळालेला होता. म्हणजे दारात उभं राहून तो पाठांतर करत होता! आणि आपण “हो” म्हणालो!

त्या दिवशी रेकॉर्डिंगला तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काम झाल्यावर जिन्यावर त्याला गाठलं.

“माझ्यावर सराव केला होता का?”

खर्जला लगेच कळलं. त्याचे कान लाल झाले. “नाही.”

“मग वाक्य तर तेच होतं.”

“वाक्य तेच होतं,” तो म्हणाला. “पण मला तसं खरंच वाटत होतं. मला सांगायचं होतं आणि... मला शब्द सापडेनात. मला कधीच सापडत नाहीत. लोक मला कागद देतात आणि मी वाचतो, तेवढंच मला येतं. त्यातलं एक वाक्य मला वाटत होतं तस्संच होतं, म्हणून ते घेतलं.”

“उसनं?”

“उसनं म्हण हवं तर.”

घोळू पायरीवर बसली. हा खोटं बोलत नाही हे तिला दिसत होतं. पण खरं बोललाय म्हणावं, तर शब्द दुसऱ्याचे. आणि आपल्याला आवडलं ते काय? हा? याचा आवाज? की बाईंनी टेबलाशी बसून लिहिलेली ओळ? तिनं त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, “मला काय माहीत?” आणि मग त्या दोघांना एकदम हसू आलं, जरी हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या हसण्यात ‘तुम्ही’ मात्र कायमचं गेलं.

एवढं होतंय तोवर बाईंचं काहीतरी बिनसलं. जोडलेला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दोन दिवस पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी घोळूला बोलावून म्हणाल्या, “त्याचा आवाज बदलायचा.”

“का?”

“फार गुळगुळीत आहे. प्रत्येक वाक्य असं म्हणतो की वाटतं, आता दुसऱ्या मजल्यावर सवलत चालू आहे म्हणेल. तू अडखळतेस आणि तो कुठंच अडखळत नाही. त्या मुलाला काही दुखतंय असं वाटतच नाही.”

घोळूला राग आला आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की बाईंचं म्हणणं तिला पटलं.

नवा आवाज म्हणून आले ते चाळिशी उलटलेले, दोन मुलींचे वडील, गळ्याला बारमाही मफलर. मावशी त्यांना मफलरभाऊ म्हणायची. गालात खोकल्याची गोळी ठेवून ते माइकसमोर उभे राहिले, गोळी दुसऱ्या गालात सरकवली आणि थोडं खरखरत, थोडं थांबत म्हणाले, “तू नसलीस की... दिवस उगाच लांबतो.”

आणि घोळूच्या पोटात पुन्हा गर्रकन फिरलं.

ती गार पडली. समोर मफलरभाऊ रुमालाला नाक पुसत होते. त्यांच्याबद्दल तिला काडीचंही काही वाटत नव्हतं, ते मावशीच्या वयाचे होते. मग फिरलं ते काय? घरी येऊन तिनं मावशीला फोन केला. मावशी मोठ्यानं हसली. “अगं, मी कोल्हिणीचा आवाज देत होते तेव्हा मला खरोखर द्राक्षं खावीशी वाटायची. तू आवाज देणारी आहेस, तुझं अंग त्या मुलीला भाड्यानं दिलंयस. ती फिरतेय आत.”

“मग त्याच्या वेळी पण तीच फिरत होती?”

मावशीचं हसू थांबलं. “ते तुझं तू बघ, बाळा,” ती म्हणाली.

आवाज बदलल्याचं खर्जला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई रोज “आज सांगते” म्हणत आणि रोज त्यांना दुसरं काम निघे. सायकलवाल्या मुलाच्या मनाची घालमेल पन्नास चित्रांत दाखवणाऱ्या बाई एक फोन करायला कचरत होत्या. इकडे खर्जनं घोळूला सांगितलं की त्याच्या आईनं सिनेमाला जायला नवी चप्पल घेतलीय आणि दुकानातल्या बारा जणांना आमंत्रण गेलंय. शेवटी एका दुपारी ती स्वतःच त्या चार मजली दुकानात गेली.

आत शिरली तोच छतातून त्याचा आवाज आला. तपकिरी कोट घातलेले एक आजोबा तळमजल्यावर आहेत, त्यांच्या कुटुंबीयांनी यावं. घोषणेच्या काचेच्या खोलीत खर्ज बसला होता आणि शेजारच्या स्टुलावर ते आजोबा, अगदी ताठ.

“मी हरवलेलो नाही,” आजोबा घोळूला म्हणाले. “ती हरवलीय. मी उभा होतो तिथंच उभा होतो.”

“बरोबर,” घोळू म्हणाली आणि खर्जकडे वळली. तिनं येताना चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. “तुझा आवाज काढलाय,” ती म्हणाली. “सिनेमातून. सगळा. दुसऱ्यांचा घातलाय. बाई सांगणार होत्या, पण... मला वाटलं, चपलेचं कळल्यावर मला राहवेना.”

खर्जनं तोंड उघडलं, श्वास आत घेतला, आणि तो तसाच राहिला. पुढे शब्द आलाच नाही. आजोबासुद्धा त्याच्याकडे बघायला लागले.

मग तो म्हणाला, “आईला काय सांगू?” आणि तो आवाज त्याचा नव्हताच. बारीक, कोरडा, कडेला फाटलेला. घोळूनं तो कधी ऐकला नव्हता. त्याच वेळी त्याला पुन्हा घोषणा करायची होती. त्यानं बटण दाबलं आणि त्याच फाटक्या आवाजात म्हणाला, “तपकिरी कोटातले आजोबा... इथं आहेत. कृपया... या.” काचेबाहेर दोन-चार माणसांनी माना वर केल्या.

घोळूला वाटलं, याच्या डोक्यावर हात ठेवावा. पण ते प्रेम की दया, की आपणच वाईट बातमी आणली याची टोचणी, हे तिला काही केल्या कळेना. आणि कळेपर्यंत हात ठेवायची वेळ निघून गेली, कारण आजोबांच्या बायको आल्या. “एका जागी उभं राहता येत नाही का हो!” त्या म्हणाल्या. “मी एका जागीच होतो!” म्हणत आजोबा त्यांच्यामागे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बसथांब्याच्या प्रसंगाचं काम होतं. मफलरभाऊंचं शेवटचं वाक्य होतं, “जा. मी तुला अडवणार नाही.” त्यांनी ते उत्तम म्हटलं. बाई समाधानानं मान हलवत होत्या.

“ते वाक्य काढा,” घोळू म्हणाली.

काचेपलीकडे सगळे थांबले. तिचं तिलाही नवल वाटलं.

“काय म्हणालीस?”

“त्याच्याकडे त्या वेळी वाक्य नसणार. तो नुसता श्वास घेईल, आणि मग त्याला बोलता येणार नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खर्जचा श्वास असेल ना, या वाक्याच्या आधीचा? तेवढाच ठेवा.”

“तुला कशावरून माहीत?”

“माहीत आहे.”

रेकॉर्डिस्टनं जुनं शोधून लावलं. श्वास होता. खोल, सावध, एका माणसानं बोलायची तयारी केल्याचा. त्यानं वाक्य कापलं आणि श्वास ठेवला. पडद्यावरचा पेन्सिलचा मुलगा तोंड उघडून उभा राहिला.

“आणि ती?” बाईंनी हळूच विचारलं. “चढते की राहते?”

“चढते.”

“हेही माहीत आहे?”

“नाही. पण राहिली तर त्याच्यामुळे राहिली असं होईल, आणि मग जन्मभर त्याला ऐकवेल.”

बाई हसल्या. इतक्या महिन्यांत घोळूनं त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. रेकॉर्डिस्ट मात्र हसला नाही. काम संपल्यावर म्हणाला, “मला कापाकापीला एक मदतनीस हवाय. कान आहे तुला. येशील?” घोळू “माहीत नाही” म्हणाली आणि सोमवारपासून जाऊ लागली. आईनं ते चिंध्यांच्या हिशेबात धरलं. “बघू किती दिवस,” असं बाबांनाही वाटत होतं, पण ते बोलले नाहीत.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला त्या दुपारी खर्ज आईला घेऊन आला. दुकानातल्या बारा जणांना त्यानं दिवस चुकीचा सांगितला होता. आईला मात्र काहीच सांगितलेलं नव्हतं. ती नव्या चपलेत, घोळू आणि खर्ज यांच्या मधोमध बसली. पडद्यावर सायकलवाला मुलगा आला आणि मफलरभाऊंच्या खरखरीत आवाजात पहिलं वाक्य बोलला.

आईनं खर्जचा हात दाबला. “हा तूच ना?”

“हो,” खर्ज म्हणाला.

“सर्दी होती वाटतं तेव्हा,” आई कौतुकानं म्हणाली आणि पुढे बघू लागली.

शेवटी बसथांबा आला. मुलानं तोंड उघडलं आणि त्या अंधाऱ्या थिएटरात खर्जचा श्वास ऐकू आला. घोळू आईच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत होती. त्यानं तो ओळखला की नाही, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. त्याला सांगावं का, तेही समजेना. सांगितलं तर त्याला बरं वाटेल, की एवढ्या मोठ्या कामातला नुसता श्वास उरला म्हणून आणखी वाईट? हे ठरेपर्यंत बस सुटली, पडदा काळा झाला.

बाहेर आल्यावर आई कुणाशी तरी बोलत थांबली. खर्ज घोळूजवळ आला. तोंड उघडलं, मिटलं. “माझं दुकान उद्या... म्हणजे सुट्टी नाही, पण दुपारी मला अर्धा तास... तुला यायचं असेल तर. नाही आलीस तरी... नको, ये. किंवा बघ.”

यातला एकही शब्द कुणाचा उसना नव्हता, एवढं नक्की. इतकं वाईट वाक्य बाईंनी लिहिलंच नसतं.

घोळूनं पोटात काही फिरतंय का ते पाहिलं. फिरत नव्हतं. तिथं काहीतरी होतं खरं, पण जागच्या जागी, मुकाट, आणि त्याला काय म्हणावं हे तिला उमगेना.

“येईन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापाकापीच्या कामात तिला उशीर झाला. दुकानात पोचली तेव्हा त्याच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं उरली होती. ती दोघं जिन्याखालच्या बाकावर बसली, आणि आपलं नेमकं काय आहे हे ठरवायचा विषय दोघांनीही काढला नाही.